मेलेल्या माशाचा पंचनामा कोण करणार?

कोलकात्याच्या उत्तर भागात, बागबाजारजवळच्या कालव्याच्या काठाने गेलेल्या गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पशुपक्ष्यांचा आणि रोपांचा बाजार भरतो. त्यातला मोठा हिस्सा शोभिवंत माशांचा असतो. हावडा, हुगळी आणि दोन्ही चोवीस परगण्यांतल्या गावांत घरामागच्या सिमेंटच्या हौदांत आणि छोट्या तळ्यांत वाढवलेले गोल्डफिश, कोई, गप्पी, मॉली प्लास्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून कोलकात्यात येतात आणि कोलकात्यातून देशभर जातात. भारतातून परदेशी जाणाऱ्या शोभिवंत माशांचाही फार मोठा भाग वर्षानुवर्षे कोलकात्याच्या विमानतळावरूनच गेला आहे. जागतिक व्यापारात आपला वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, म्हणून दिल्लीतल्या धोरणकर्त्यांना हा बाजार किरकोळ वाटतो. आकड्यांच्या हिशेबाने तो किरकोळ आहेही. रोगाच्या हिशेबाने मात्र तो तसा नाही.

‘अ‍ॅक्टा ट्रॉपिका’ या नियतकालिकात २०१६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगालमधील शेतांत गोल्डफिश मोठ्या संख्येने मेले होते, त्याची ती मीमांसा होती. मेलेल्या माशांत सायप्रिनिड हर्पिसव्हायरस-२ हा विषाणू सापडला. देशातील गोड्या पाण्याच्या शोभिवंत मत्स्यशेतीत विषाणुजन्य रोगाच्या उद्रेकाचा हा पहिलाच पुरावा, असे निबंधाच्या शीर्षकातच नमूद होते. त्याच शीर्षकातला दुसरा भाग माझ्या मते तितकाच महत्त्वाचा आहे. त्या माशांत एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणूही होता आणि तो एकाहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

हे दोन्ही एकत्र का सापडावेत, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. मासे मरू लागले की शेतकऱ्याला दिसतात त्या अंगावरच्या जखमा आणि कुजलेले पर. तो औषधांच्या दुकानात जातो. गावात मत्स्यरोगतज्ज्ञ नसतो. दुकानदार हाच डॉक्टर. दुकानदार प्रतिजैविक देतो, ते पाण्यात ओतले जाते. विषाणूवर त्याचा काडीमात्र परिणाम होत नाही, मासे मरतच राहतात, मग मात्रा वाढते किंवा औषध बदलते. विषाणूने खिळखिळ्या केलेल्या माशात शिरलेला जिवाणू या साऱ्यातून तावून सुलाखून निघतो. रोगाचे नाव ठाऊक नसण्याची किंमत एकट्या शेतकऱ्याला मोजावी लागत नाही. ते पाणी पुढे कालव्यात सोडले जाते आणि औषधांना न जुमानणारा जिवाणूही त्याबरोबर जातो.

या हर्पिस विषाणूची रीत कपटी आहे. रोग उसळतो तो साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात. पाणी तापले की मृत्यू थांबतात. बंगालचा हिवाळा आणि वसंत नेमका या पट्ट्यात येतो. मार्च सरता सरता मासे मरायचे थांबले की औषध लागू पडले असा समज होतो. प्रत्यक्षात वाचलेले मासे विषाणू अंगात बाळगून असतात आणि दिसायला ठणठणीत असतात. प्रवासाचा ताण, तापमानातला चढउतार, दाटीवाटी यांपैकी काहीही निमित्त झाले की विषाणू पुन्हा जागा होतो. आणि प्रवास, चढउतार, दाटीवाटी हे तर या व्यापाराचे रोजचेच जगणे. पुण्याच्या वा नागपूरच्या दुकानात येऊन आठ दिवसांत मरणारा गोल्डफिश ‘नाजूक’ म्हणून खपवला जातो. तो नाजूक असेलही, पण आजारी असण्याची शक्यता कुणी तपासत नाही. कोई माशांना सुस्त करून मारणारा कार्प इडिमा विषाणू त्याच सुमारास, २०१६ मध्येच, भारतात सापडल्याची नोंद झाली. पाण्यात अर्धा टक्का मीठ घातले तर त्यातले बरेच कोई तग धरतात. इतका साधा उपाय असूनही तो रोगाचे निदान झाल्यावरच सुचणार.

शोभेचा मासा ही हौसेची वस्तू आहे, मेला तर मेला, असे म्हणता आले असते. पण विषाणू हौस आणि पोट यांत भेद करत नाही. २०१८ मध्ये बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या चमूने पश्चिम बंगाल आणि केरळमधील शेतांत तिलापिया लेक व्हायरस हा विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. इस्रायलमधल्या गॅलिली सरोवरात तिलापियाचे उत्पादन घटत गेल्याने शोध सुरू झाला आणि २०१४ मध्ये हा विषाणू प्रथम वर्णिला गेला. मे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगाला सावध केले. जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही पुढे त्याला अधिसूचित रोगांच्या यादीत घेतले. त्याच्यावर औषध नाही. माणसाला त्याची बाधा होत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. शिजवून खाल्लेल्या तिलापियाने कुणी आजारी पडणार नाही.

तिलापिया हा कोलकात्यातल्या गरिबाचा मासा. इलिश आणि चिंगडीचे कौतुक गाणारे शहर रोज जेवते ते रोहू, कटला आणि ‘नायलोटिका’. त्यातही सर्वांत स्वस्त नायलोटिका, म्हणजे नाईल तिलापिया. शहराच्या पूर्वेला १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ प्रदेशात शहराचे सांडपाणी सूर्यप्रकाश, शेवाळ आणि मासे यांच्या साह्याने शुद्ध होते. २००२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या प्रदेशाचे मोल परिसरतज्ज्ञ ध्रुवज्योती घोष यांनी जगाला समजावून सांगितले. तिथल्या तळ्यांना ‘भेडी’ म्हणतात. एका भेडीत अनेक जातींचे मासे एकत्र सोडले जातात, वर्षभर थोडे थोडे काढले जातात आणि त्यांच्या जागी नवे सोडले जातात. तळे पूर्ण उपसून, वाळवून, चुना टाकून निर्जंतुक करायला उसंत अशी मिळत नाही. कालव्यांचे पाणी एका भेडीतून दुसरीकडे जाते. पर्यावरणाच्या दृष्टीने जी रचना कौतुकाची, तीच विषाणूच्या दृष्टीने सोयीची.

म्हणजे आपल्याला विषाणू सापडतात. भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेळेवर शोधले आहेत. तमिळनाडूतल्या मेलविशारमसारख्या छोट्या गावातल्या सी. अब्दुल हकीम महाविद्यालयाने २०२३ मध्ये तिलापिया पार्व्होव्हायरस देशात आल्याचे दाखवून दिले, हे अभिमानाने सांगावे असे काम आहे. प्रश्न आहे तो सापडल्यानंतरचा. शोधनिबंध छापून आला, पुढे काय? ते तळे कुणी बंद केले? तिथले बीज कुठे गेले याचा माग कुणी घेतला? ज्याचे मासे मेले त्याला काय मिळाले? या प्रश्नांना उत्तर देण्याची जबाबदारी कायद्याने कुणावर टाकलेली आहे, हे शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही.

मधमाशी आहे, मासा नाही

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी संसदेने २००९ मध्ये कायदा केला. रोगाची खबर देणे, क्षेत्र बाधित घोषित करणे, ने-आण रोखणे यांची सविस्तर तरतूद त्यात आहे. ‘प्राणी’ म्हणजे कोण, याच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, याक, मिथुन, कुत्रा, मांजर, डुक्कर, घोडा, उंट, गाढव, खेचर, कोंबड्या-बदके एवढेच नव्हे, तर मधमाशीही आहे. मासा नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून इतर प्राणी त्यात जोडू शकते, अशी पुस्ती आहे; पण मूळ मसुदा लिहिणाऱ्यांना मधमाशी आठवली आणि मासा आठवला नाही, यातून प्रशासनाची दृष्टी पुरेशी स्पष्ट होते. पाण्याखालचे मरण पाण्याखालीच राहते.

राज्यघटनेने हा विषय तीन ठिकाणी वाटला आहे. मत्स्यव्यवसाय राज्यांकडे, राज्यसूचीतील एकविसाव्या नोंदीत. पशुरोगांचा प्रतिबंधही राज्यांकडे, पंधराव्या नोंदीत. रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे मात्र समवर्ती सूचीत, एकोणतिसाव्या नोंदीत. आणि परदेशातून येणाऱ्या मालाचे नियमन केंद्राकडे. ही वाटणी वाईट नाही. किंबहुना समवर्ती सूचीतली ती नोंद अशाच प्रसंगासाठी आहे, कारण नैहाटीच्या उबवणी केंद्रातून निघालेले बीज दोन दिवसांत तीन राज्ये ओलांडते. पण गोड्या पाण्यातल्या माशांसाठी त्या नोंदीचा आधार घेऊन उभी केलेली यंत्रणा दिसत नाही. पश्चिम बंगालचा १९८४चा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायदा ओळखला जातो तो मुख्यतः तळी बुजवण्यास मनाई करणारा म्हणून. तळे वाचले पाहिजे, हे बंगालने ओळखले. तळ्यातल्या माशाच्या प्रकृतीचा विचार अजून व्हायचा आहे. त्यात माशाला औषध लिहून देण्याचा अधिकार कुणाचा, पशुवैद्याचा की मत्स्यविज्ञानाच्या पदवीधराचा, हा वाद वेगळाच. तो मिटेपर्यंत अधिकार दुकानदाराकडे आहे.

बंदराबंदरांवर आणि विमानतळांवर केंद्राची पशु-विलगीकरण केंद्रे आहेत, कोलकात्यातही आहे. पण विलगीकरण केंद्राला रीतसर कागदपत्रांसह आलेलाच मासा दिसतो. बंगालची सीमा तशी नाही. आफ्रिकन मांगूर गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बांगलादेशातून विनापरवाना आला, त्याच्या मागोमाग २००३-०४च्या सुमारास पिऱ्हान्याच्या कुळातला पाकू आला, जो आज मुंबई-पुण्याच्या बाजारात ‘रूपचंद’ या गोंडस नावाने विकला जातो. बंदी असलेला मांगूर पुढे थेट भीमेच्या खोऱ्यात पोचला आणि इंदापूर-दौंड परिसरातल्या तळ्यांतून तो नष्ट करण्याची पाळी महाराष्ट्राच्या मत्स्य विभागावर आली. मासा जिथून येऊ शकतो तिथून त्याचा विषाणूही येतो, फक्त त्याला पकडायला जाळे नसते.

कोळंबीला जे मिळाले

हे आपल्याला जमतच नाही, असे मानण्याचे कारण नाही. १९९४च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची टायगर कोळंबीची शेती आडवी केली. लागलेली कर्जे, ओस पडलेली तळी, शेतीच्या जमिनीत मुरलेले खारे पाणी यांमुळे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६च्या एस. जगन्नाथ खटल्यातील निकालाने नियामक प्राधिकरणाची वाट मोकळी केली आणि २००५ मध्ये सागरी किनारा मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा झाला. २००९ मध्ये व्हेनामी जातीच्या कोळंबीला परवानगी देताना सरकारने विशिष्ट रोगांपासून मुक्त असलेलेच पैदाशीचे नर-मादी आयात करण्याची अट घातली, त्यांच्यासाठी चेन्नईजवळ नीलांकराई येथे स्वतंत्र विलगीकरण सुविधा उभारली. तिथून तपासणी होऊन बाहेर पडल्याशिवाय एकही जोडी उबवणी केंद्रात जात नाही. २०२३च्या दुरुस्तीने उबवणी आणि पैदास केंद्रेही कायद्याच्या कक्षेत अधिक नेमकेपणाने आणली.

व्यवस्था निर्दोष नाही. कोळंबीला नवे रोग जडतच आहेत. तरीही परवाना, तपासणी आणि उत्तरदायी अधिकारी ही त्रयी तिथे आहे. कोळंबी डॉलर आणते, हे त्याचे कारण. परदेशी ग्राहक प्रमाणपत्र मागतो, म्हणून आपण प्रमाणपत्र देतो. तिलापिया खाणारा तारातळ्याचा गोदी-कामगार किंवा उजनीची ‘चिलापी’ खाणारा सोलापूरचा विणकर प्रमाणपत्र मागत नाही. देशाच्या २०२२-२३ मधील सुमारे १७५ लाख टन मत्स्योत्पादनापैकी तीन चतुर्थांश भाग गोड्या व अंतर्देशीय पाण्यातला होता. रोगनियंत्रणाची कायदेशीर ताकद मात्र फक्त किनाऱ्यावरच्या तळ्यांपाशी एकवटली आहे.

प्रमाणपत्र न मागण्याचा परिणाम कसा होतो, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आणि त्या कथेची सुरुवात, गंमत म्हणजे, बंगालच्याच पाण्यात होते. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा, अंगठ्याएवढा ड्वार्फ गोरामी हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. बंगाली माणूस त्याच्या कुळाला ‘खोलशे’ म्हणतो आणि भातखाचरातून पकडून तळून खातो. तो जगभरच्या काचपेट्यांत पोचला तो आग्नेय आशियातील शेतांतून. तिथल्या दाटीत त्याला मेगॅलोसायटीव्हायरस गटातला विषाणू जडला. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील एका शेतात मरे कॉड हे तिथले मानाचे, खाण्याचे मासे अचानक मेले. पुढील अभ्यासात त्या विषाणूचे नाते आयात केलेल्या गोरामीतील विषाणूशी जुळले. मार्च २०१६ पासून ऑस्ट्रेलियाने गोरामी, सिक्लिड आणि गप्पी-मॉलीच्या कुळातील माशांसाठी या विषाणूची चाचणी बंधनकारक केली. एका शोभेच्या माशाने खाण्याच्या माशाला मारले आणि मग राज्यसंस्था हलली. आपल्याकडे कोलकात्याच्या हौदांत गोरामी, गप्पी, सिक्लिड आहेत आणि मैलभर अंतरावर तिलापियाच्या भेड्या आहेत. तिलापिया हाही सिक्लिडच.

जपानची गोष्ट आणखी बोलकी. कोई माशांच्या शोभेचा जगभर डंका वाजवणाऱ्या त्या देशात २००३ साली कासुमिगाउरा सरोवरातील कॉमन कार्प कोई हर्पिस विषाणूने मेले. नुकसान हजार टनांच्या वर गेले. कॉमन कार्प म्हणजे आपल्या मत्स्य सहकारी संस्थांचा ‘सायप्रिनस’. कोई आणि सायप्रिनस ही एकाच जातीची दोन रूपे, एक दिवाणखान्यातले, दुसरे बाजारातले. रोहू, कटला, मृगळ या आपल्या देशी त्रिकुटाला या विषाणूची बाधा होत नाही, ही नशिबाची बाजू.

कळवले तर काय मिळते?

राष्ट्रीय जलचर रोग सर्वेक्षण कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. लखनौचे राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो त्याचा समन्वय करते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली त्याचा दुसरा टप्पा २०२२ मध्ये मंजूर झाला, ३३.७८ कोटी रुपयांचा. मूळ योजना २०,०५० कोटींची. म्हणजे हजार रुपयांतले दोन रुपयेही रोगांवर नजर ठेवण्याच्या वाट्याला आले नाहीत. तरी पैसा हा इथला मुख्य अडसर नाही, असे मला वाटते. जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप आले; शेतकऱ्याने आजारी माशाचे छायाचित्र व माहिती पाठवायची आणि तज्ज्ञाने सल्ला द्यायचा, अशी सोय. कल्पना चांगली आहे. ती एका गृहीतकावर उभी आहे की शेतकऱ्याला कळवावेसे वाटते.

त्याला ते का वाटावे? कळवल्यावर विषाणूवर औषध मिळणार नाही, कारण औषधच नाही. भरपाई मिळणार नाही. गावात बातमी फुटली तर व्यापारी भाव पाडेल, शेजारी बीज घेणार नाही आणि पुढच्या हंगामात ठेक्याने मिळालेले तळे दुसऱ्याला जाईल. १९८८ मध्ये माशांच्या अंगावर व्रण पडणारा रोग बांगलादेश आणि ईशान्येकडून बंगालमध्ये शिरला तेव्हा घाबरलेल्या लोकांनी मासे खाणेच सोडले, भाव कोसळले. रोग न झालेल्या तळ्यांचे मालकही त्यात बुडाले. सुरुवातीला त्यामागे विषाणू असल्याचा संशय होता, अखेर तो बुरशीसदृश जीव निघाला. माणसाला त्यापासून धोका नव्हता. मात्र खबर बाहेर पडण्याचे भय मत्स्यशेतकऱ्यांच्या मनात त्या वर्षापासून घर करून आहे आणि ते निराधारही नाही. तेव्हा मासे मरू लागले की शहाणा शेतकरी एकच गोष्ट करतो, उरलेले जिवंत मासे रातोरात काढून बाजारात पाठवतो. त्याच्यापुरता हा निर्णय चोख आहे. रोग पसरवण्याचाही याहून चोख मार्ग नाही.

कोंबड्यांच्या बाबतीत हे कोडे आपण सोडवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि जानेवारी २००८ मध्ये त्याने पश्चिम बंगालला विळखा घातला. दोन्ही वेळी सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई दिली. ती अपुरी होती, उशिरा मिळाली, त्यात गैरप्रकार झाले, हे सारे खरे. पण तत्त्व प्रस्थापित झाले: समाजाच्या सुरक्षिततेसाठी जो आपले पक्षी मारू देतो, त्याच्या नुकसानीत समाजाचा वाटा असतो. बर्ड फ्लू माणसाला होऊ शकतो म्हणून सरकार धावले. माशाचा विषाणू माणसाला होत नाही, म्हणून सरकार धावत नाही. पोषण आणि रोजगार बुडणे हेही माणसालाच होणारे दुखणे आहे, हा विचार अजून फाइलवर आलेला नाही.

भरपाईला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. खुराड्यातल्या कोंबड्या मोजता येतात, तळ्यातले मासे येत नाहीत. भेडीत किती मासे होते, किती मेले, किती आधीच विकले, हे तलाठ्याने कसे ठरवावे? उन्हात मेलेला मासा काही तासांत कुजतो आणि कुजलेल्या माशावरून विषाणूचे निदान अवघड होते. नमुना तरफडत असतानाच घ्यावा लागतो, बर्फात ठेवून प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या नव्या उपयोजनेत मत्स्यशेती विम्याच्या हप्त्यावर चाळीस टक्के प्रोत्साहन आहे. चार हेक्टरांपर्यंतच्या शेतांना त्याचा लाभ आहे. स्वागतार्हच. परंतु रोगाने झालेल्या नुकसानीचा दावा विमा कंपनी कशाच्या आधारावर मान्य करणार? बीज कधी आणि कुठून आणले याची पावती, प्रयोगशाळेचा अहवाल, मृत माशांची नोंद. यातले एकही साधन आज सामान्य मत्स्यशेतकऱ्याच्या हाती नसते.

म्हणून तळ्यांपासून सुरुवात करण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे. तळी लाखो आहेत. उबवणी केंद्रे मोजता येतील इतकी आहेत. तिलापियाच्या विषाणूचा थायलंडमधला अनुभव असा की बोटुकली तळ्यात सोडल्यापासून महिनाभरात मरू लागतात. म्हणजे बहुधा ती येतानाच संसर्ग घेऊन येतात. पालकांकडून हा विषाणू पिलांत उतरू शकतो, असे प्रयोगांतही दिसले आहे. मग नजर ठेवायची ती पैदाशीच्या नर-मादीवर. वर्षातून दोनदा त्यांची चाचणी सरकारी खर्चाने करावी, चाचणी झालेल्या केंद्राला बीज-प्रमाणपत्र द्यावे आणि ज्याचे नर-मादी बाधित निघून नष्ट करावे लागतील त्याला पूर्ण भरपाई द्यावी. पैदाशीचे मासे थोडे असतात, मोजता येतात, त्यांची किंमत ठरवता येते. तलाठ्याला तळ्यात उतरावे लागत नाही. गोल्डफिश आणि कोईची पैदास करणाऱ्या हावड्याच्या केंद्रांनाही हेच लागू व्हावे.

इथे एका धोक्याची आठवण ठेवायला हवी. मे २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालये आणि शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियम काढले. शेकडाहून अधिक जातींच्या विक्रीवर बंदी, नोंदणी, तपासण्या असा तो भारदस्त ऐवज होता. छोटे उत्पादक आणि दुकानदार हादरले, निषेध झाले आणि काही महिन्यांत सरकारने नियम मागे घेतले. त्या नियमांचा भर माशाच्या यातनांवर होता, रोगावर नव्हता. आणि ज्यांच्यावर ते लादले जाणार होते, त्यांना पाळण्याजोगी मदत त्यांत नव्हती. बंगालच्या गावांत शोभिवंत माशांचे हौद बहुतांशी घरातल्या बायका सांभाळतात. त्यांच्या दारात प्रयोगशाळेचा माणूस येण्याऐवजी निरीक्षक आला, तर हौद बंद होतील किंवा लपवले जातील, आणि लपवलेला हौद हा विषाणूला सर्वांत सुखाचा.

चाचणी करण्याची क्षमता कोलकात्याच्या आसपास भरपूर आहे. बराकपूरची संस्था आहे, चकगरियाला पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, सॉल्ट लेकला मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. या तिन्ही ठिकाणी पीसीआर यंत्रे आहेत, माणसे आहेत. नाही तो नमुने नियमित गोळा करून आणणारा माणूस आणि निष्कर्ष आल्यावर आदेश देण्याचा अधिकार असलेला अधिकारी. २००९च्या कायद्याच्या व्याख्येत मासे जोडणारी अधिसूचना आणि अनुसूचीत तीन-चार रोगांची नावे, एवढ्याने तो अधिकारी निर्माण होऊ शकतो. त्याला संसदेत जावे लागत नाही.

महाराष्ट्रासारख्या राज्याला तर दिल्लीची वाटही पाहावी लागत नाही. बंगालचे मत्स्यजिरे आणि बोटुकली रेल्वेने पश्चिमेकडे नेण्याची प्रथा जुनी आहे. १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्पची पैदास यशस्वी करून दाखवण्याआधी तर देशभरची तळी गंगेतून गाळलेल्या बीजावरच अवलंबून होती. आजही भंडारा-गोंदियाच्या माजी मालगुजारी तलावांपासून मराठवाड्याच्या पाझर तलावांपर्यंत बाहेरच्या राज्यांतून बीज येते. मत्स्य विभाग जिथे स्वतः बीज खरेदी करतो किंवा सहकारी संस्थांच्या खरेदीला अनुदान देतो, तिथे निविदेच्या अटींत त्याने एक ओळ घालावी: बीज ज्या केंद्रातले, तिथल्या पैदाशीच्या माशांचा सहा महिन्यांच्या आतला विषाणू-चाचणी अहवाल सोबत हवा. बंगालमधील उबवणी केंद्राचा मालक कोलकात्याच्या अधिकाऱ्याचे ऐकणार नाही कदाचित. नागपूरच्या ग्राहकाचे ऐकेल.